चिंचेचा दावा आणि माझा भरलेला बाक

वकिलाला स्वतःची जाहिरात करायला बंदी आहे. दारावर वाजवी आकाराची पाटी लावायची, तिच्यावर नाव आणि पदवी लिहायची, आणि आत बसून वाट बघायची, एवढीच आम्हाला मुभा. आमच्या मिरजेत हा नियम फार काटेकोरपणे पाळला जातो. चौकात एखाद्या वकिलाचा भलामोठा फ्लेक्स दिसलाच, तर तो त्यानं लावलेला नसतो, त्याच्या मित्रपरिवारानं लावलेला असतो. त्यावर वकिलीचा उल्लेख नसतो, फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात. काही वकिलांचे वाढदिवस वर्षातून दोनदा येतात, पण तो ज्योतिषाचा प्रश्न झाला, कायद्याचा नव्हे.

मी जन्मानं साताऱ्याची. लग्न होऊन मिरजेला आले आणि दिवाणी कोर्टात जमिनीचे दावे चालवता चालवता केस पिकले. गेल्या वर्षी आमच्या संघटनेतल्या तरुण वकिलांनी माझं व्याख्यान ठेवलं. विषय होता, 'मंदीच्या काळात नवे पक्षकार कसे मिळवावेत'. मला बोलावण्याचं कारण असं, की टाळेबंदीनंतर सगळी बाररूम एकमेकांची तोंडं बघत बसली होती तेव्हा माझ्या ऑफिसाच्या दारातला बाक मात्र भरलेला असायचा. मी सचोटी, अभ्यास आणि वक्तशीरपणा हे तीन शब्द आलटूनपालटून तासभर वापरले. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतला एक मुलगा ते सगळं लिहून घेत होता. त्याची मला इतकी कीव आली, की खरं काय झालं ते आता सांगून टाकते.

टाळेबंदी उठली, कोर्टाची दारं उघडली, पण माणसं काही परत येईनात. मंदीत भांडणं वाढतात, म्हणजे वकिलांची चंगळ, असा बाहेरच्यांचा समज असतो. भांडणं वाढतात हे खरंच. पण ती वकिलापर्यंत आणायची ऐपत उरत नाही. जमिनीची खरेदी थांबली की तिचे जुने कागद तपासायला कोणी येत नाही. कारखान्याला कुलूप लागलं की मालकही म्हणतो बघू पुढच्या महिन्यात, आणि कामगारही तेच म्हणतो. घटस्फोटसुद्धा लोक लांबणीवर टाकतात. दोन घरं चालवण्यापेक्षा एकाच घरात भांडलेलं स्वस्त पडतं.

माझं ऑफिस दवाखान्यांच्या गल्लीत आहे. खाली औषधांचं दुकान, दुसऱ्या मजल्यावर रक्त-लघवी तपासायची लॅब, आणि मधल्या मजल्यावर मी. त्या दिवसांत जिन्यात पावलं वाजली, की मी फाइल उघडून गंभीर चेहरा करायची. दारात एखादी बाई उभी असायची, हातात झाकण लावलेली बाटली.

"हितंच द्यायची का?"

"वरच्या मजल्यावर."

मी फाइल मिटायची. असं दिवसभर चालायचं. एक गृहस्थ तर पाटी नीट वाचूनही आत आले आणि म्हणाले, "वकीलसाहेब आहेत का?" मी म्हटलं, "मीच." त्यांनी माझ्याकडं, मग माझ्या मागच्या भिंतीकडं पाहिलं आणि म्हणाले, "बरं, ते आले की सांगा येऊन गेलो."

समोरच्या खोलीत विक्रांत बसायचा. नुकताच स्वतंत्र झालेला, तरतरीत, आणि माझ्याइतकाच रिकामा. पण रिकामा बसणाऱ्यांतला नव्हता. त्यानं मंदीवर चढाई केली. 'सातबाऱ्यावर नाव कसं लावावं' असे छोटे छोटे व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकले. ते हजारो लोकांनी पाहिले, 'छान माहिती दादा' असं खाली लिहिलं, आणि फुकटात स्वतःची नावं लावून घेतली. मग तो लग्नांना जायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं, की लग्नात भांडण सुरू व्हायला अजून वेळ असतो, तर रक्षाविसर्जनाच्या दिवशी वाटणीचं भांडण ताजं असतं. म्हणून तो रक्षाविसर्जनांना जायला लागला. पांढरा सदरा, हात जोडलेले, आणि खिशात कार्डं. एकदा परत आला तो पडेल चेहऱ्यानं.

"काय झालं?" मी विचारलं.

"मॅडम, मी मयताच्या थोरल्या मुलाला कार्ड दिलं. तो म्हणाला, सहा वकील आधीच आलेत, तुम्ही सातवे. त्यानं सगळ्यांना ओळीनं बसवून श्रद्धांजलीची भाषणं करायला लावली."

मी हसले, पण मी तरी कुठं शहाणी होते? मी घरी हळदीकुंकू ठेवलं. बायकांना मृत्युपत्राचं महत्त्व समजावून सांगावं असा माझा डाव. बायकांनी ते ऐकून घेतलं, खिरापत खाल्ली, वाण घेतलं. जाताना एकजण दारात थांबली, हलक्या आवाजात म्हणाली, "तुमच्याशी एक खासगी बोलायचं होतं." मी मनात वकीलपत्र भरायला घेतलं. "ही खिरापत कुणाकडनं केलीत?"

तर अशी आमची विपणनाची शर्थ चालू असताना आप्पा ऑफिसात येऊन बसायला लागले.

आप्पा माझे सगळ्यात जुने पक्षकार. मिरजेच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या अंगाला त्यांचं गाव. त्यांच्या आणि त्यांच्या चुलतभावाच्या शेतामधल्या बांधावर एक चिंच आहे. ती चिंच आणि तिच्याखालची जमिनीची पट्टी कोणाची, एवढाच दावा. पट्टी अशी, की तिच्यात बैलगाडी उभी केली तर बैलांना दुसऱ्याच्या हद्दीत उभं राहावं लागेल. दावा लावला आप्पांच्या वडिलांनी, तात्यांच्या वडिलांवर. हे तात्या म्हणजे तो चुलतभाऊ. दोघांचे वडील गेले. घर, शेत, विहिरीचा वाटा यांच्याबरोबर दावाही मुलांकडं वारसानं आला. मला तो माझ्या सीनियरकडून आला. वारसाहक्क असा सगळीकडून नीट पाळला गेला.

मंदीच्या दिवसांत आप्पा तारीख नसतानाही यायला लागले. सकाळच्या एसटीनं यायचे, बाकावर टोपी काढून ठेवायचे, पेपर शेवटच्या पानापासून वाचायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं जायचे. पहिल्यांदा मी म्हटलं, "आप्पा, आज काही नाही आपलं."

"ठावं हाय की."

"मग?"

"बसलो तर चालंल न्हवं? घरात बसून काय करू? सून म्हणती, मामंजी, पाय आत घ्या, फरशी पुसायची हाय."

बायको टाळेबंदीच्या आधीच गेली होती. मुलगा द्राक्षबागेत गुंतलेला. मी म्हटलं, बसा. माझाही स्वार्थ होताच. रिकाम्या ऑफिसात एक माणूस बसलेला बरा दिसतो. चहाच्या टपरीवर गर्दी बघून गर्दी होते, तोच न्याय.

आप्पा नुसते बसणारे नव्हते. माझ्या दारावरून लॅबकडं जाणाऱ्या प्रत्येकाची ते विचारपूस करायचे. कुठलं गाव, कोण आजारी, डॉक्टर काय म्हणाला. दवाखान्यात वाट बघून कंटाळलेल्या माणसाला कोणीतरी विचारणारं हवंच असतं. तेही बाकावर टेकायचे. मग आप्पा स्वतःच्या दाव्याची गोष्ट सुरू करायचे, वडिलांपासून. ती संपेपर्यंत लॅबचा रिपोर्ट तयार व्हायचा.

एकदा आप्पांचा मोठा आवाज आला म्हणून मी बाहेर डोकावले. एक चाळिशीची बाई, डोळे सुजलेले, बाकाच्या कडेला बसली होती. नवरा शेजारच्याच दवाखान्यात होता. तिनं सहज सांगितलं होतं, की काल धाकटा दीर येऊन नवऱ्याचा अंगठा कसल्याशा कागदावर घेऊन गेला.

"कसला कागद?" आप्पांनी विचारलं.

"म्हायती न्हाई. इम्याचा हाय म्हणले."

"वाचून दावला?"

"न्हाई. मालकास्नी सुद कुठं हुती?"

"बाई, वर जाऊ नका. आधी हितं आत जावा."

"आवं, पर रक्ताचा रिपोर्ट…"

"रक्त कुठं पळून जात न्हाई. जमीन जातीया."

ती आत आली. तो कागद विम्याचा नव्हता हे सांगायला वकिलाची गरज नव्हती, पण पुढच्या कामाला होती. मी त्याच दिवशी दिराला नोटीस काढली आणि जमिनीचे दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाकडं हरकतीचा अर्ज दिला. आठवडाभरात दीर स्वतः दवाखान्यात आला आणि वहिनीच्या पाया पडला. तो कागद पुढं कुठंच निघाला नाही. नवरा बरा होऊन जिना चढून आला तेव्हा त्यानं मला नमस्कार केला, पण आप्पांना मिठी मारली. मंदीतला तो माझा पहिला नवा पक्षकार. मी काय केलं त्यासाठी? बाक भिंतीला टेकवून ठेवला होता.

त्यानंतर लोक यायला लागले. आप्पा माझी स्तुती कोणत्या शब्दांत करतात, हे मला उशिरा कळलं. विक्रांतनं ऐकलं आणि येऊन सांगितलं. आप्पा म्हणायचे, "माझ्या बापाच्या वक्ताची केस हाय. पर ह्या बाईंनी आजपातूर हरू दिली न्हाई." ऐकणारे माना डोलवायचे. इतक्या वर्षांत जिंकूही दिली नाही, ही बाजू कोणाच्या ध्यानात यायची नाही. खटला झटपट संपवणाऱ्या वकिलाला पक्षकार पेढे देतो आणि विसरून जातो. ज्याचा खटला संपत नाही तो वकील मात्र घरातला माणूस होतो. कायद्याच्या कॉलेजात हे शिकवत नाहीत.

आणि अशातच एक दिवस तात्या दारात उभे राहिले.

तात्यांचे वकील वयानं थकून बंगळूरला मुलीकडं निघून गेले होते. जाताना त्यांनी कागद परत दिले, आशीर्वादही दिला. पुढची तारीख सांगायची तेवढी राहिली. तात्या उंच, काटक, कानात बाळी. आप्पांकडं न बघता मला म्हणाले, "मॅडम, आपली तारीख कवा हाय तेवढं सांगता का?"

"तारीख सांगते. पण तात्या, मी समोरच्या बाजूची वकील. तुम्हाला सल्ला देता येणार नाही मला. तुम्ही दुसरा वकील बघा."

"बघतो की. सल्ला कोण मागतंय?"

तारीख घेतली, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. आप्पांनी पेपर तोंडापुढं धरला. मला वाटलं, आता इथं डोकी फुटणार. मी विक्रांतला हाक मारून दारात उभं केलं. तासभर काहीच झालं नाही. मग चहावाला आला आणि आप्पा पेपरामागूनच म्हणाले, "कमी साकरेचा दे, आन् एकात दोन कर रं."

चहावाल्यानं एका चहाचे दोन पेले केले. एक आप्पांपुढं ठेवला, दुसरा हातात धरून उभा राहिला. "ह्यो कुणाला?"

"बाकावर दुसरं कोन दिसतंय तुला?"

तात्यांनी पेला घेतला. "साकर कमी हाय," म्हणाले.

"तुला कमीच सांगितली हाय. शुगर हाय न्हवं तुला?"

पुढचं मी ऐकलं नाही, कारण कान देऊन ऐकणं बरं दिसलं नसतं. थोडं ऐकलं ते एवढंच, की लहानपणी त्याच चिंचेवरून पडून तात्यांचा हात मोडला होता, आणि आप्पांनी त्यांना खांद्यावर टाकून मिरजेपर्यंत आणलं होतं. कोणी ढकललं होतं यावर मात्र एकमत होत नव्हतं.

त्यानंतर तात्याही तारखेशिवाय यायला लागले. बाकाची दोन टोकं हळूहळू जवळ आली. संध्याकाळी दोघं एकाच एसटीनं निघायचे, पण तात्या गावच्या अलीकडच्या फाट्यावर उतरून पायी जायचे. मी एकदा आप्पांना विचारलं, "हे कशाला? सरळ गावात का नाही उतरत?"

"आवं मॅडम, गावात आमी बोलत न्हाई."

"का?"

"वैर हाय न्हवं." त्यांनी मला हे अशा सुरात सांगितलं, की जणू मी साताऱ्याची असल्यामुळं मला एवढं साधं कळत नाही. "त्येच्या पोराच्या लग्नाला आमच्या घरचं कोन गेलं न्हाई. माझी बायकू गेली तवा त्येच्या घरचं कोन मातीला आलं न्हाई. तात्याला पोरांनी येऊ दिलं न्हाई. पुढल्या तारखेला कोर्टात आला, माझ्या शेजारी हुबा राह्यला आन् ढसाढसा रडला. कोर्टात रडलेलं चालतंय, मॅडम. गावात न्हाई चालत."

तो प्रसंग मला आठवत होता. मी तेव्हा माझ्या ज्युनियरला सांगितलं होतं, की बघ, दाव्याचा ताण माणसाला कसा खातो.

इकडं बाजारात बातमी भलतीच पसरली. त्या बाईंकडं समोरच्या पार्टीचा माणूससुद्धा रोज येऊन बसतो, म्हणजे बघा किती न्यायाच्या आहेत! लोक लांबलांबून यायला लागले. कडेगावकडचे दोन भाऊ विहिरीच्या भांडणासाठी तीन तालुके ओलांडून आले. बाकावर जागा पुरेना, तेव्हा विक्रांतच्या खोलीतल्या खुर्च्या बाहेर आल्या. तो बिचारा स्वतःच्या दारात उभा राहून माझी गर्दी बघायचा. "मॅडम, नेमकं काय करता तुम्ही?" त्यानं एकदा अगदी मनापासून विचारलं. मी म्हटलं, "सचोटी." दुसरं काय सांगणार?

आणि मग ज्याची भीती होती तेच झालं. दाव्याचा निकाल लागला.

नवे न्यायाधीश आले होते. तरुण, जुन्या फाइली हातावेगळ्या करायच्याच अशा जिद्दीचे. अशी माणसं आमच्या व्यवसायात अधूनमधून येतात आणि बदली होईपर्यंत त्रास देतात. त्यांनी तात्यांना वकील द्यायला वेळ दिला. तात्यांनी बघतो बघतो म्हणत तो घालवला. मोजणीचा नकाशा पूर्वीच आला होता, पुरावा संपला होता. साहेबांनी माझा युक्तिवाद ऐकला, तात्यांनाही तुमचं काय म्हणणं म्हणून विचारलं. तात्या म्हणाले, "माझ्या बापानं ल्हिवून दिलंय त्येच." निकालाच्या दिवशी साहेबांनी वाचून दाखवलं, की चिंच आणि पट्टी वादीची, म्हणजे आप्पांची.

दोन पिढ्यांचा दावा मी जिंकले होते. माझा चेहरा फुलला असणार. वळून आप्पांकडं पाहिलं, तर त्यांचा चेहरा उतरलेला.

"आप्पा, जिंकलो आपण!"

"व्हय," ते म्हणाले. "मग पुढली तारीख?"

"आता कसली तारीख? संपला दावा."

त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. पलीकडं तात्या उभे होते. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, म्हंजी आता मी हितं यायाचं न्हाई?"

मी वकील म्हणून आयुष्यात पुष्कळ हरलेले लोक पाहिलेत. पण जिंकलेला आणि हरलेला एकाच दुःखात उभे असलेले त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. पेढे मीच आणले. तिघांनी खाल्ले. शुगर असूनही तात्यांनी खाल्ला, आणि आप्पांनी त्यांना अडवलं नाही.

त्यानंतर चारआठ दिवस बाकावर दोघंही नव्हते. तारीख नाही तर मिरजेला कशाला, असं घरचे विचारत असणार. पूर्वी 'कोर्टात जाऊन येतो' म्हटलं की कोणी काही बोलत नव्हतं. माझ्याकडं गर्दी होती, काम होतं, तरी लक्ष जिन्याकडं जायचं.

मग एक दिवस आप्पा आले. एकटे नव्हते. तात्यांच्या दंडाला धरून त्यांना जिन्यावरून जवळजवळ ओढत आणत होते. मला वाटलं माझ्याकडं येतायत, म्हणून मी उठले. पण ते माझ्या दारावरून वळले आणि समोर विक्रांतच्या खोलीत शिरले. आमची दारं समोरासमोर आणि उघडी असल्यामुळं पुढचं सगळं मला ऐकू आलं.

"या, या, बसा," विक्रांत म्हणाला. "काय काम होतं?"

"अपील घालायचं हाय," आप्पा म्हणाले.

"कोणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

विक्रांतनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे, आपण हरलात?"

"मी कशाला हरंन? मी जिंकलोय. हरलाय ह्यो." तात्यांनी मान डोलावली. "त्येला वकील न्हाई. आन् मुदत निघून चाललीया."

"पण काका, तुमच्याविरुद्ध अपील करायला तुम्हीच त्यांना घेऊन आलात?"

"मग कोन आणणार? त्येची पोरं नुसती म्हणत्यात अपील करा, अपील करा, गावात नाक कापलं. पर वकील बघायला येत्यात का कोन? बाग हाय, छाटणी हाय. ह्यो असा मुखदुर्बळ. म्हणलं, वकील चांगला बघून द्यावा, न्हाईतर पहिल्याच तारखंला उडवत्यात अपील." मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "लगेच संपवू नका, एवढंच."

विक्रांत पळतच माझ्याकडं आला. "मॅडम, हे चालतं का?"

मी म्हटलं, "तात्या हरलेत. अपील हा त्यांचा हक्क आहे. वकीलपत्रावर सही त्यांची पाहिजे, आप्पांची नको. बाकी तुला पक्षकार कोणी आणून दिला यावर कायदा काही म्हणत नाही."

त्यानं वकीलपत्र भरलं. व्हिडिओ झाले, लोकांची लग्नं झाली, एवढी रक्षाविसर्जनं झाली, आणि त्याला जमिनीच्या अपिलातला पहिला पक्षकार मिळाला तो असा. जिंकलेल्या माणसानं हरलेल्याला दंडाला धरून आणून दिला.

तरी मी माझं कर्तव्य केलं. सही व्हायच्या आधी दोघांना माझ्या खोलीत बोलावलं, विक्रांतलाही बसवलं, आणि म्हटलं, "हे बघा, एवढं सगळं आहे तर मिटवून का टाकत नाही? अर्धी चिंच तुमची, अर्धी त्यांची. मी कागद करून देते."

दोघं माझ्याकडं असे बघायला लागले, की जणू मी काहीतरी अभद्र बोलले.

"मिटवलं तर आमाला हितं कोन येऊ दील?" आप्पा म्हणाले. "आन् गावात काय आमी गळ्यात गळं घालून फिरायचं? पोरं काय म्हणतील? तुमच्या भांडणापायी आमची तरणी वर्सं गेली, आन् आता तुमी च्या पिताय व्हय?"

तात्या पहिल्यांदाच एवढं मोठं वाक्य बोलले. "मॅडम, वैर बापानं दिल्यालं हाय. ते मोडायचा अधिकार आमाला न्हाई. पर बसायला कोन अडवत न्हाई."

मी पुढं ओढलेला कोरा कागद बाजूला ठेवला. पुस्तकात तडजोडीची व्याख्या मी पुष्कळदा वाचली आहे. तडजोड त्या दोघांनी केव्हाच केलेली होती, फक्त कोर्टाला दाखवायची नव्हती.

आप्पांना अपिलाची नोटीस लागली, तेव्हा लग्नपत्रिका आल्यासारखे ते ती घेऊन माझ्याकडं आले. आम्ही दोन्ही बाजूंचे वकील आणि दोन्ही बाजूंचे पक्षकार सांगलीला जिल्हा न्यायालयात हजर झालो. विक्रांत पहाटेपासून घोकून आला होता. तरी तात्याच त्याला धीर देत होते.

जिल्हा न्यायाधीश वयस्कर होते. त्यांनी फाइल चाळली, दाव्याचं वय पाहिलं, पट्टीचं माप पाहिलं, मग चष्मा वर करून दोन्ही म्हाताऱ्यांकडं पाहिलं.

"एका झाडासाठी? आणि सख्खे चुलतभाऊ तुम्ही," ते म्हणाले. "या वयात कशाला धावता? मी मध्यस्थाकडं पाठवतो. तडजोडीची काही शक्यता?"

आम्ही वकील तोंड उघडायच्या आत दोघं पक्षकार एका आवाजात बोलले.

"न्हाई साहेब!"

दाव्याच्या सगळ्या आयुष्यात वादी-प्रतिवादींचं एवढं संपूर्ण एकमत पहिल्यांदाच झालं होतं. साहेबांनी खेदानं मान हलवली, वैर फार मुरलेलं आहे असा अर्थ काढला आणि शिरस्तेदाराकडं पाहिलं. शिरस्तेदारानं बोर्ड तपासून पुढच्या उन्हाळ्यातली तारीख सांगितली.

मागून माझ्या कोटाची बाही कोणीतरी ओढली. आप्पा होते. शेजारी तात्या, चिंतातुर चेहऱ्यानं विक्रांतच्या कानाशी लागलेले.

"मॅडम," आप्पा कुजबुजले, "लय लांब झाली वो. जरा जवळची मिळती का बघा की."

उभ्या वकिलीत मी तारखा लांबवून घेतल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, पक्षकार वयस्कर आहेत. जवळची तारीख मिळावी."

साहेबांनी समोर पाहिलं. "अपीलदाराची हरकत?"

विक्रांतनं एकदा तात्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"हरकत नाही, साहेब," तो म्हणाला. "दर महिन्याला ठेवली तरी हरकत नाही."